सहा बिल्ल्यांची वाकळ

मी वाकळ आहे. अंबड तालुक्यात, शहागडच्या अलीकडच्या एका गावात साखराबाईने मला शिवलं. पण अंथरायला किंवा पांघरायला नव्हे. हे आधीच सांगते, कारण माझं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

साखराबाईचा मुलगा म्हस्कू एक्केचाळीस साली फौजेत गेला. घरची मेंढरं रोगाने मेली होती आणि भरती करणाऱ्याने दोन वेळचं जेवण कबूल केलं होतं. शौर्य वगैरे शब्द नंतर कागदावर आले. म्हस्कू ब्रह्मदेशात मेला. तार इंग्रजीत आली. ती वाचून घ्यायला साखराबाईला अंबडपर्यंत चालत जावं लागलं.

लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला मच्छिंद्र परत आला. त्याने पिशवीतून खांद्यावर लावायचे सहा कापडी बिल्ले काढले. काळ्या कापडावर पिवळी चौकट, आत लाल बाण. सहाही पोरं याच भागातली. एकाचंही मढं घरी आलं नव्हतं.

"मावशी, ह्यो म्हस्कूचा," मच्छिंद्र म्हणाला. "बाकीचे पाच ज्याच्या त्याच्या घरी द्यायला गेल्तो. त्या बाया म्हणल्या, साखराबाईजवळ दे, तिचा हात चांगला हाये."

"सगळे सारखेच दिसून राह्यले की रे."

"म्हणून तर कागदात नावं घालून आणलेत."

सहा आयांनी आपापल्या लुगड्याचा एकेक तुकडा दिला. प्रत्येकीच्या तुकड्यावर तिच्या पोराचा बिल्ला बसवला आणि सहा तुकडे जोडून माझा वरचा पदर झाला. तीनतीनच्या दोन ओळी. ना जाळलं, ना पुरलं, अशा पोरांसाठी त्या बायांना हात ठेवायला कुठे तरी जागा हवी होती. ती मी. सर्वपित्री अमावास्येला बाकीच्या पाचही जणी आपापल्या गावांहून यायच्या, सगळ्या आपापल्या बिल्ल्यावर हात ठेवून बसायच्या आणि उठून कामाला जायच्या.

आता वेठीचं सांगते. गावात निजाम सरकारचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दौऱ्यावर आला, की त्याची कोंबडी, त्याचं दूध, त्याचं अंथरूण गावाने फुकट पुरवायचं, घराघरांनी पाळीपाळीने. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात साखराबाईच्या घराची पाळी आली. चावडीचा शिपाई सांडू दारात आला आणि त्याने वलणीवरून मलाच ओढलं.

"सांडू, ती ठिव. दुसरी देते."

"दुसरीला ढेकणं असत्यात. साहेब मंग मलाच चावतो."

त्याने मला चावडीत पसरलं, तेही बिल्ले वर करून. त्या वर्षी हिंदी फौज निजामावर चालून येणार अशी बोलवा होती; तिचं नाव निघालं तरी अंमलदार दचकायचे. गिरदावराने साखराबाईला बोलावणं पाठवलं.

"ये निशान किसने दिए?"

"पोरानं."

"कहाँ है?"

"मेला. इंग्रजाच्या लढाईत."

त्या लढाईला याच निजाम सरकारने पैसा दिला होता, माणसं दिली होती. गिरदावराला ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

"निकालो सब. अब्बी," म्हणत त्याने कात्री पुढे केली.

"मी शिवलंय. मी उसवणार न्हाई. तुमच्या माणसाला सांगा."

सांडूने कात्री घेतली, बोटांत फिरवली आणि खाली ठेवली. "साहेब, हिला धार न्हाई."

धार होती. सकाळी त्याच कात्रीने साहेबाने मिशा सारख्या केल्या होत्या.

तेव्हा गावचे पाटील काकासाहेब मधे पडले. "साहेब, वरून एक लुगडं टाकून शिवून घेतो. दिसलं न्हाई म्हंजे झालं." साहेबाला जेवायचं होतं. त्याने मान हलवली.

साखराबाई दोन दिवस चावडीत बसून शिवत होती. वाकळीचे टाके या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ओळीत जातात. तिने ते तसे घातले नाहीत. वरच्या लुगड्यातून सुई आरपार काढत प्रत्येक बिल्ल्याच्या कडेकडेने तिने दोन वेढे फिरवले. गिरदावर समोर पान खात बसला होता. त्याला कोरं हिरवं लुगडं दिसलं. हात फिरवला असता, तर सहा चौकोन उमटलेले लागले असते.

सप्टेंबरात हिंदी फौज आली आणि निजामी संपली. तेच काकासाहेब दारात आले.

"साखराबाई, वरचं लुगडं जल्दी उसव. फौजेचे साहेब चावडीत आलेत. आपल्या गावानं बी माणसं दिली, हे दाखवू."

"झाकायला तुम्हीच सांगितल्तं, पाटील."

"तवाची येळ येगळी होती."

"पोरं तीच हायेत."

तिने मला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. काकासाहेब तसेच चावडीकडे परतले.

पुढच्या पंधरा दिवसांत अमावास्या आली. बाया आल्या. वरच्या लुगड्याखाली बिल्ले दिसत नव्हते, म्हणून त्यांनी चाचपून आपापला शोधला. दुर्गाबाईचा हात वरच्या ओळीत गेला.

"तुझा खाली हाये," साखराबाई म्हणाली. "ह्यो म्हस्कू."

"असू दे की थोडा येळ," दुर्गाबाई म्हणाली.

साखराबाईने तो हात हलवला नाही.

मी आता त्या आतल्या खोलीतच असते. माझं मागणं एवढंच आहे: मला चावडीत नेऊ नका आणि कुणाला दाखवण्यासाठी उसवू नका. यायचं असेल तर हात धुऊन या. साखराबाई आहे तोवर कोणता कुणाचा ते ती सांगेल. नंतर कुणी कुणावरही हात ठेवला, तरी माझी हरकत नाही.