सहकार्य करते

सरकारी माणसाने काही विचारलं की 'हो' म्हणायचं, ही जव्हार-मोखाड्याकडची जुनी रीत. गोळ्या घेतल्या का? हो. एक घेतली की दोन? हो. दुखायचं थांबलं का? हो, हो. हे उत्तर नसतंच मुळी. मॅडम दमल्यात, त्यांना पुढच्या खाटेकडे जाऊ द्यावं, एवढाच त्यातला भाव. जयवंती सिस्टर स्वतः मोखाड्याकडची, शेतकऱ्याची लेक, नोकरीला बावीस वर्षं झालेली. 'हो' ती जमेला धरतच नसे.

म्हणून कशालाच 'हो' न म्हणणारी बुधी डोकरी वॉर्डात आली तेव्हा, स्वतःचे पाय दुखत असतानाही, जयवंतीला जरा बरं वाटलं होतं.

बुधी दाभोशाजवळच्या एका पाड्यावरची. वय कागदावर अडुसष्ट, खरं कुणालाच माहीत नाही. माळ्यावरून नागलीची टोपली काढताना शिडीवरून घसरली, डोक्यावर आपटली आणि भात शिजायला लागतो तेवढा वेळ बेशुद्ध पडली. मुलगा सोन्या आणि सून बाळी जीपने घेऊन आले. डॉक्टर हेमंत म्हणाले, नाशिकला नेऊन डोक्याचा फोटो काढा. सोन्या म्हणाला, नको. मोहाची फुलं पडायला लागली होती, वेचायला घरी कोणी नव्हतं, आणि त्याला स्वतःला ठाण्याच्या साइटवर परत जायचं होतं. "सही देतो ना साहेब, कुठं करू सांगा."

सही झाली. मग राहिलं ते डोकरीवर लक्ष ठेवणं, आणि ते अर्थातच जयवंतीच्या वाट्याला आलं. दर तासाला खाटेशी जायचं. डोळे आपणहून उघडते का, बोलणं जागेवर आहे का, सांगितलं तसे हातपाय हलवते का. डोळ्यांचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पंधरापैकी एक जरी उतरला तरी डॉक्टरांना हाक मारायची. वॉर्डात तीस खाटा, रोगी एकोणचाळीस आणि सिस्टर दोन.

पहिल्या तासाला जयवंतीने विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"बुधी."

"आता कुठं आहात?"

"तुला नाय माहीत? तू इथंच काम करतेस ना गो?"

"आज वार कुठला?"

"बाजाराचा दुसरा दिवस." डोकरीने तोंड फिरवलं.

दुसरी सिस्टर वर्षाली लातूरकडची, नोकरीला सात महिने झालेली. तिने मागून वाकून तक्त्यात बोलण्याचे चार गुण मांडले. "गोंधळलेली आहे ना ताई. वार सांगता येत नाही."

"अगं, काल बाजार होता की नव्हता?"

"होता."

"मग बरोबर सांगितलं तिनं. पाच लिही."

दुसऱ्या तासाला डोकरी म्हणाली, "मगाशी सांगितलं ना नाव? तुझ्याच डोक्याला लागलंय वाटतं." बॅटरी डोळ्यात मारली तर, "काजवे सोडते मेली डोळ्यात." तिसऱ्या तासाला जयवंतीने डोळे मिटून दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले. त्यावर डोकरी उठूनच बसली. "हात पसरू? मी काय भिकारीण हाय? तूच पसर." हात काही तिने पसरले नाहीत. पण बाळीने पाण्याचा पेला पुढे केला तो डाव्या हाताने असा झिडकारला, की पाणी शेजारच्या खाटेपर्यंत गेलं. दोन्ही हातांत ताकद आहे, एवढं जयवंतीने त्यावरून टिपून घेतलं.

बाळीने निमूट फरशी पुसली. "ढोर कुठली," डोकरी म्हणाली, "पाणी द्यायची बी अक्कल नाय." बाळी तिशीची, हडकुळी. हे सगळं तिच्या अंगावरून ओघळून जात होतं. निदान बघणाऱ्याला तसं वाटावं एवढी सवय तिने केलेली होती.

तक्त्याच्या तळाशी एक रकाना होता: रुग्ण सहकार्य करतो की करत नाही. जयवंतीने 'करत नाही' वर खूण केली. तासागणिक टोमणे किती, याचा तिच्या मनात आपोआपच हिशेब लागला होता. पहिल्या तासाला दोन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. डोकरी सुधारतेय, असं मनाशी म्हणत ती संध्याकाळी घरी गेली, आणि भाकरी टाकायचं त्राण नव्हतं म्हणून दूधभात खाऊन झोपली.

सकाळी ती आली तेव्हा दिवसाला जोडून रात्रपाळीही करून वर्षालीचे डोळे तांबारले होते. "ताई, तुमची आजी एकदम शहाणी झाली. पंधरापैकी पंधरा. घरी सोडायचे कागद तयार आहेत. बाराच्या जीपने जातायत."

जयवंती खाटेशी गेली. डोकरी उशीला टेकून बसली होती. सोन्याने पिशवी भरून ठेवलेली. बाळी डोकरीचे केस विंचरत होती आणि चक्क हसत होती.

"आजी, नाव काय?"

"बुधी."

"कुठं आहात?"

"जव्हारला. दवाखान्यात."

"वार कुठला?"

"शुक्रवार."

सगळं बरोबर. जयवंती टोमण्याची वाट बघत थांबली. टोमणा आला नाही. तिने मुद्दाम पुन्हा विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"बुधी," डोकरी तशाच मऊ आवाजात म्हणाली.

जयवंती खाटेच्या आणखी जवळ सरकली. "आजी, डोळे मिटा आणि दोन्ही हात पसरा पुढं."

डोकरीने लगेच डोळे मिटले आणि देवळात तीर्थ घ्यावं तसे हात पुढे केले. जयवंती मनात आकडे मोजू लागली. आठपर्यंत दोन्ही हात सारखे होते. नवाला डावा तळवा किंचित आत वळला आणि हात सावकाश खाली येऊ लागला. डोकरीला त्याचा पत्ताच नव्हता.

"डोकं दुखतंय का?"

"हो."

"की नाही दुखत?"

"हो."

जयवंती डॉक्टरांच्या खोलीत गेली. हेमंत सर चहात बिस्कीट बुडवून ते पडायच्या आत तोंडात टाकण्याच्या खटपटीत होते. पोरगेलेसे, पण माणूस ऐकणारा.

"सर, बुधीबाईला आज सोडू नका. नाशिकला पाठवू."

"का? काही उतरलं?"

"गुण पंधराच आहेत. डावा हात थोडा खाली येतोय. आणि ती भांडत नाहीये."

बिस्कीट चहात पडलं. "सिस्टर, भांडत नाहीये हे मी रेफर चिठ्ठीत कसं लिहू? म्हातारी थकलीय, म्हणून हात येतोय खाली. आपल्याकडे एकच गाडी, ती बाळंतपणाची बाई घेऊन मोखाड्याकडून यायचीय. नाशिकवाले मला विचारणार, पंधरा गुणांची पेशंट कशाला पाठवली?"

"तिचा स्वभाव बदललाय सर. एका रात्रीत."

"स्वभाव तुम्ही काल एक दिवस बघितलात. घरच्यांना विचारू चला."

ते खरंच उठून आले, हा त्यांचा चांगुलपणा. सोन्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी वर्षाचे आठ महिने ठाण्याला असतो साहेब. हिला विचारा, ही असते घरात." मग सर बाळीकडे वळले. "काय हो, सासूबाई नेहमी अशाच शांत असतात का?"

बाळीचा कंगवा थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, शेजारच्या खाटांवरच्या बायांकडे पाहिलं, सगळ्या कान टवकारून होत्या. मग ती खाली बघून म्हणाली, "हो साहेब. माझी सासू लई गोड हाय. कधी मोठ्यानं बी बोलत नाय."

शेजारच्या खाटेवरची धोंडीबाई, जिची चादर काल भिजली होती, तिने तोंडाला पदर लावला. पण ती पडली परकी. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत ती कशाला बोलेल?

"बघा," सर म्हणाले. "जेवू द्या त्यांना आणि सोडा." आणि ते बाह्यरुग्णांची रांग तपासायला गेले.

जयवंतीला बाळीचा राग आला नाही. घरातली धुणी सरकारी माणसापुढे धुवायची नाहीत, हे तिलाही तिच्या आईने शिकवलं होतं. तिची स्वतःची सासू गेली तेव्हा तिने दवाखान्यात सगळ्यांना सासूबद्दल किती चांगलं सांगितलं होतं! पण साडेदहा वाजले होते, आणि बाराला जीप सुटणार होती. एकदा का डोकरी पाड्यावर पोचली, की दुपारी ती झोपेल, आणि दमली असेल म्हणून कुणी उठवणार नाही.

बाळी ताट धुवायला मागच्या नळावर गेली. जयवंतीही गेली आणि नळाच्या कट्ट्यावर बसली. खरं तर तिला बसायचंच होतं. गुडघे सकाळपासून ठणकत होते.

"बाळी, लग्नाला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षांत सासूनं कधी केस विंचरून घेतले तुझ्याकडनं?"

बाळी ताट घासत राहिली. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"हे बघ, मी कुणाला सांगायला नाही आले. मीही सून होते, अठरा वर्षं. माझी सासू मला तवा म्हणायची, रंगावरनं."

बाळीला हसू आलं. "तवा?"

"हो. चारचौघांत. तुला काय म्हणते?"

"ढोर. आळशी. मंग पोर झाली तेवा..." ती थांबली. "जाऊ दे. आज सकाळी पाणी दिलं तर 'ठेव बाय' म्हणाली. मला बाय म्हणाली, सिस्टर! माझा हात धरून म्हणाली, तू लई केलंस माझं. मी म्हटलं, देवानं बुद्धी दिली. डोक्यावर पडली ते बरंच झालं, असं बी मनात आलं माझ्या." तिने ताट पुन्हा नळाखाली धरलं. "अकरा वर्षांनी एक दिवस गोड बोलली, तर तुम्ही त्याचा आजार करताय."

नळ तसाच वाहत होता. जयवंतीने तो बंद केला.

"आत रक्त साचत असेल तर माणूस असं बदलतं," ती म्हणाली. "भांडायचा जोर जातो आधी. मग झोप येते. मग उठत नाही. असेलच असं नाही म्हणत मी. पण मला दिसतंय ते तू एकटीच साहेबांना सांगू शकतेस. मी सांगितलं, त्यांना पटलं नाही."

"सगळ्यांच्या म्होरं सांगू?"

"नको. खोलीत सांग. दार लावून घेते मी."

ताट उभं करून बाळीने त्यातलं पाणी निथळू दिलं. मग पदराला हात पुसले आणि चालू लागली. जयवंतीला उठून तिला गाठायला धाप लागली.

खोलीत बाळी डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि पाठ म्हणून दाखवावी तसं एका दमात बोलली. "मी मगाशी खोटं बोलले. सासू मला रोज शिव्या देते. उठल्यापास्नं. जेवताना बी देते. माणूस मेलं तरी त्याच्या मयताला बी नावं ठेवते ती. आज सकाळपास्नं एक शिवी नाय दिली. ही माझी सासू नव्हं साहेब. बघा तिला काय झालं ते."

हेमंत सरांनी पेन खाली ठेवलं. ते उठले, खाटेशी गेले, डोकरीला हात पसरायला लावले आणि घड्याळ बघत उभे राहिले. डावा हात या वेळी पाचाच्या आतच ढळला. सरांनी बॅटरी मारून डोळे बघितले, पुन्हा बघितले. मग सोन्याला म्हणाले, "काल दिली तशी सही आज चालणार नाही. नाशिकला न्यायचंय." आणि गाडीच्या ड्रायव्हरला स्वतः फोन लावला.

गाडी यायला दीड तास लागला. त्या दीड तासात जयवंती दर पंधरा मिनिटांनी डोकरीशी जाऊन आली. एकीकडे दोन सलाइनं संपली, एका पोराने गोळी थुंकली, धोंडीबाईला घरी जायची घाई झाली. बाराची जीप हॉर्न वाजवून निघून गेली. सव्वाबाराला डोकरी आपणहून डोळे उघडेना, हाक मारल्यावर उघडू लागली. जयवंतीने चारचे तीन केले, बेरीज चौदा लिहिली आणि सरांना हाक मारली. त्यांनी तो आकडा चिठ्ठीत मोठ्या अक्षरात घातला. मग तिची नजर तळच्या रकान्यावर गेली. वर्षालीने रात्री तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं: सहकार्य करते. जयवंतीने त्याच्याखाली जाड रेघ ओढली.

वर्षाली घरी गेलीच नव्हती, कोपऱ्यात उभी होती. "ताई, मला वाटलं, बरी झाली."

"मलाही वाटलं असतं," जयवंती म्हणाली, "काल पाणी उडताना बघितलं नसतं तर. जा, झोप आता."

स्ट्रेचर गाडीत चढवताना डोकरीने डोळे किलकिले केले आणि बाळीचा पदर पकडला. "जेवलीस का बाय?" ती म्हणाली. बाळीने जयवंतीकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता की राग, ते जयवंतीला कळलं नाही. तिने फक्त गाडीचं दार लोटून नीट लागलं का ते बघितलं.

संध्याकाळी पाळी संपवून ती चप्पल घालत होती तेव्हा फोन वाजला. बाळी होती. डोक्यात उजव्या बाजूला रक्त साचलेलं निघालं. भोक पाडून काढलं. अजून दोन तास उशीर झाला असता तर आणू नका म्हटलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

"शुद्धीवर आली?"

"डोळे उघडले. मला बघितलं. बोलली नाय अजून."

"बोलेल. वेळ लागतो."

"हां." पलीकडे कुणाची तरी खाट ढकलत नेल्याचा आवाज आला. "सोन्या म्हणतो, तू जाऊन चहा पी, मी बसतो. पण मी नाय उठत सिस्टर. पयला शब्द काय बोलते, तो मलाच ऐकायचा हाय."

"कुठला यावा असं वाटतं तुला?"



"ते नका विचारू," बाळी म्हणाली.