फ्रिजचं दार आणि बुडालेला कोळी

रविवारी संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मोंतेविदेओतल्या एका नाट्यगृहात सहाशे माणसं एका बुडालेल्या कोळ्याला हसली.

रंगमंचावर कोळ्याच्या विधवेच्या भूमिकेत निदिया एचेवेरी उभी होती. तीस वर्षं पॉप गाणी लिहून गायल्यावर तिने पहिलं संगीत नाटक लिहिलं होतं आणि शेवटाला आपलंच सर्वांत गाजलेलं गाणं ठेवलं होतं: 'दिवा जळतोय, परत ये.' पण फेब्रुवारीत, कार्निव्हालमध्ये, मिल्तन ओलासाबालच्या मंडळाने त्याच चालीवर भलतेच शब्द बसवले होते. तोंडं रंगवून ती मंडळी चौकाचौकांत गायली, 'दार लाव रे, फ्रिजचं दार लाव.' कार्निव्हालमध्ये चाल कोणाचीही उचलतात, विचारत नाहीत. रविवारी विधवेने तोंड उघडलं आणि बाल्कनीने गाऊन फ्रिजचं दार लावलं.

निर्माता म्हणाला, "बुधवारपर्यंत शेवट सुधारा, नाहीतर नाटक बंद."

सोमवारी निदिया मिल्तनच्या मटणाच्या दुकानात गेली.

"मेल्या, माझं गाणं मारलंस."

"मारलं? अगं बाई, दहा वर्षं कोणी गुणगुणत नव्हतं. आता माझी सासूसुद्धा गाते."

"तुझी सासू फ्रिज गाते!"

"मग दुसरं गाणं लिही. तुला येतं म्हणे लिहिता."

बुधवारी तिने दुसरं गाणं लिहिलं नव्हतं. वाद्यवृंदाला तिने फक्त लय निम्मी करायला सांगितलं. मग बाल्कनीच्या आधी तीच गायली, 'दार लाव रे, फ्रिजचं दार लाव', वीस वर्षं रोज नवऱ्याला सांगून थकलेल्या बायकोच्या आवाजात. वरून एक हसू आलं ते अर्ध्यातच थांबलं. निर्मात्याने रुमाल काढला. सर्दी झाली होती, असं तो नंतर म्हणाला.

अकराव्या रांगेतला मिल्तन थेट रंगपटात आला.

"शब्द माझे आहेत."

"चाल माझी होती. विचारलं होतंस?"

"कार्निव्हालमध्ये कोण विचारतं?"

"मग समज, आज माझा कार्निव्हाल."

"जाहिरातीवर माझं नाव हवं. तुझ्याएवढ्याच अक्षरांत."

"खाली कोपऱ्यात. कंसात."

शुक्रवारची दुपार झाली तरी जाहिरात छापखान्यात अडकली आहे. शनिवारी कोणते शब्द गाणार, हे निदियाने वाद्यवृंदालाही सांगितलेलं नाही. मिल्तनने त्या खेळाची बाल्कनीतली सतरा तिकिटं घेतली आहेत. त्याच्या मंडळात माणसंही सतराच आहेत.