मंदाताईंचं गोड बोलणं

"सुंदराबाई, आज तुमचं काम पाहून मला खरोखर आनंद झाला," मंदाताई म्हणाल्या आणि सुंदराबाईंचा हात वायरींवरच थांबला.

"काय झालं ताई? कुठं चुकलं का माझं?"

"चुकलं नाही. चांगलं झालंय, तेच सांगतेय."

"आस्सं," म्हणत सुंदराबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या अक्षताकडे पाहिलं. अक्षताने मान खाली घातली. मंदाताई पुढे गेल्या तेव्हा मागे कुजबुज सुरू झालेली त्यांना ऐकू आली. त्या वळल्या तशी ती थांबली.

हडपसरच्या या कारखान्यात गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बनतात. लांब टेबलावर रंगीत वायरी अंथरायच्या, एकेकीचं टोक प्लॅस्टिकच्या खोबणीत 'टक्' आवाज येईपर्यंत ढकलायचं आणि मग ओढून बघायचं. मंदाताई या लाइनच्या सुपरवायझर. बहुतेक जणींना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. हात धरून, आणि तोंडाने सोलून काढत.

"आवाज आला नाही तरी पुढे गेलीस? कान घरी विसरलीस काय गं?"

"सासूला दिलेत ताई, तिला ऐकू येत नाही," असं उत्तर यायचं. सगळ्या हसायच्या, मंदाताई हसू दाबायच्या, आणि काम चालायचं.

मग ऑफिसने सुपरवायझरांच्या फोनवर 'सोबती' नावाचं ॲप दिलं. हाताखालच्या माणसांशी कसं वागावं, अवघड विषय कसा काढावा, हे त्याला विचारायचं. आत कृत्रिम बुद्धिमत्ता. मराठीत विचारलं की मराठीत बोलायचं. "तुमचं त्याच्याशी बोलणं ऑफिसकडे येत नाही ताई, बिनधास्त विचारा," असं ऑफिसातल्या तरुण आमोद सरांनी सांगितलं होतं.

मंदाताईंनी विचारलं ते अक्षताबद्दल. कारखान्यात नवी लाइन सुरू व्हायची बोलणी चालू होती आणि तिच्यावर अक्षताला नेमावं, असं त्यांच्या मनात होतं. पण मुलीचा स्वतःवर भरवसा नव्हता. सोबतीने सांगितलं, चूक दाखवता तसं चांगलं कामही त्याच वेळी, नेमक्या शब्दांत दाखवा. मंदाताईंना ते पटलं. आपल्याला असं कधी कोणी सांगितलं नाही, हेही त्यांना जाणवलं. सोमवारपासून त्यांनी सुरुवात केली. अक्षताला म्हणाल्या, "तुझी जुळणी सरळ असते, तुझ्यामुळे पुढच्यांचं काम सोपं होतं." सुंदराबाईंना म्हणाल्या, "तुमच्यामुळे लाइनला आधार आहे."

आणि गुरुवारपर्यंत लाइनवरचं हसणं पार थांबलं.

दुपारी आमोद सर जाता जाता म्हणाले, "ताई, तुमची अक्षता उद्या अर्धा दिवस सुट्टी मागतेय. मांजरी गावाच्या बाजूला दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे म्हणे. तुम्हाला बोलली नाही?"

मंदाताईंना दुःख झालं ते ती चाललीय याचं नव्हतं. आपल्याला सोडून ऑफिसला विचारलं याचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि फोन तोंडाशी धरला. "तू सांगितलंस तसं कौतुक केलं. आता कोणी माझ्याशी बोलत नाही. अक्षता निघालीय."

"वाईट वाटलं ऐकून," सोबती म्हणाला. "तुमच्या कारखान्यात कोणी कौतुक केलं की लोकांना काय आठवतं, हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ते राहिलं. तुम्हाला काय वाटतं, का गप्प असतील?"

"मला काय माहीत!"

"मग मीही नुसता अंदाजच करेन. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारलंत का?"

"विचारून काय, 'काही नाही ताई' म्हणतील."

"म्हणतील कदाचित. तरी विचारावं असं मला वाटतं. आणि ऐकताना लगेच उत्तर देऊ नका."

मंदाताईंनी फोन खाली केला. शिकवायची त्यांना सवय होती. विचारायची नव्हती.

बायका शेडमध्ये डबे उघडून बसल्या होत्या. मंदाताई सरळ समोर जाऊन बसल्या.

"माझं काय चुकतंय ते सांगा."

"काही नाही ताई," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

मंदाताई गप्प बसून राहिल्या. गप्प बसणं त्यांना जड गेलं, पण त्या बसल्या. शेवटी अक्षताच बोलली.

"लाइन कधी बंद होतेय ताई? तेवढं सांगा. आम्ही आमचं बघू."

"बंद? कोण म्हणालं?"

"तुम्हीच की," सुंदराबाई म्हणाल्या. "पलीकडची लाइन बंद झाली तवा काय केलं? मोठे साहेब आले, 'तुम्ही कंपनीचा आधार हाय' म्हणाले, समद्यांना कंदी पेढे दिले. दुसऱ्या दिवशी गेट बंद. आता तुम्ही आधार म्हणताय. आम्ही पेढ्यांची वाट बघतोय."

मंदाताईंना ती सकाळ आठवली. त्या इथेच होत्या, अलीकडच्या लाइनवर. त्यांची नोकरी राहिली होती, म्हणून त्यांना पेढे विसरता आले होते.

"आणि तो फोन," अक्षता म्हणाली. "दिवसभर त्याच्याशी बोलता. आमचं सगळं ऑफिसला जात असणार ना?"

खुलासा मंदाताईंच्या ओठांवर आला होता. तो गिळून त्यांनी फोन डब्यांच्या मधोमध ठेवला. "यालाच विचारा."

सुंदराबाईंनी हात पदराला पुसले आणि फोनवर वाकून मोठ्याने विचारलं, "काय रं बाबा, आमची लाइन बंद होणार हाय का?"

"मला माहीत नाही," सोबती म्हणाला. "कंपनीचे निर्णय माझ्यापर्यंत येत नाहीत. नाही म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं असेलच असं नाही."

"आन् आमच्या चुगल्या?"

"ताईंचं बोलणं ऑफिसला दिसत नाही, असं मला सांगितलेलं आहे. पण ते मी स्वतः तपासू शकत नाही. ज्यांनी ही सोय केली त्यांना सगळ्यांसमोर विचारा आणि लेखी मागा."



"साहेबांपरीस बरं हाय हे," सुंदराबाई म्हणाल्या. "ठावं नाय तर ठावं नाय म्हणतंय."

हसू फुटलं. सोमवारनंतर पहिल्यांदाच.

मंदाताई उठल्या आणि आमोद सरांना शेडमध्येच घेऊन आल्या. "सर, दोन प्रश्न आहेत. उत्तरं इथे द्यायची, केबिनमध्ये नाही."

आमोद सर डबे चुकवत उभे राहिले. लाइन बंद होत नव्हती. उलट नवी यायची होती, पण ऑर्डर पक्की नव्हती म्हणून ऑफिसने बायकांना सांगितलं नव्हतं. ॲपवरचं बोलणं ऑफिसकडे येत नाही हे लिहून फलकावर लावतो, म्हणाले. "आत्ता लावा," मंदाताई म्हणाल्या. ते गेले आणि खरंच सही करून कागद लावून गेले.

मग मंदाताई बायकांकडे वळल्या. "ऑर्डर पक्की नाही म्हणजे काहीही होऊ शकतं. वाईट काही मला कळलं तर त्याच दिवशी तुम्हाला सांगेन. गोड करून नाही, सरळ सांगेन. आणि तुमचं काम चांगलं आहे ते चांगलंच आहे. ते सांगायचं मी थांबवणार नाही. सवय करून घ्या."

"थोडं थोडं द्या ताई," सुंदराबाई म्हणाल्या. "एकदम पचत न्हाई."

अक्षता हसली नाही. इंटरव्ह्यूचं तीही बोलली नाही, मंदाताईंनीही विचारलं नाही. जायचं तर तिने जावं, पण घाबरून जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी गोडाऊनमध्ये भरलेली खोकी रचली जात होती. दुपारची अर्धा दिवस सुट्टी घेतलेली अक्षता तिच्या टेबलावरच होती. थोड्या वेळाने ती मंदाताईंपाशी येऊन उभी राहिली.

"ताई, सकाळच्या मालात माझा एक पीस चुकलाय. दोन वायरी अदलाबदल झाल्यात. तपासणीतून पुढे गेलाय. कोणाला कळलेलं नाही."

"कुठल्या खोक्यात?"

"ते नाही माहीत. सगळीच उघडायला लागतील."

मंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. सोबतीने शिकवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं, आणि जुना टोमणाही. दोन्ही त्यांनी राहू दिली.

"चल," त्या म्हणाल्या.

दोघी गोडाऊनमध्ये जाऊन थंड फरशीवर बसल्या. मंदाताईंनी पहिल्या खोक्याची पट्टी कापली आणि त्यातल्या अर्ध्या जुड्या अक्षतापुढे सरकवल्या.