सुईचा पाव फेरा

त्या मोसमात आमच्या दुकानात ग्लो प्लग शेंगदाण्यांसारखे संपत होते.

ग्लो प्लग म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनाच्या डोक्यात बसणारा, करंगळीच्या पेराएवढा तुकडा. त्याच्या पोटात केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. ते तापून लाल झालं की इंधन पेटतं, आणि ते तुटलं की गाडी नुसतीच शोभेला. चांगला प्लग बरेच दिवस निघतो. आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेली गाडी मात्र आठवड्याच्या आत परत यायची. प्लग काढून उजेडात धरावा, तर तार गायब.

"माल खराब आलाय," हे म्हणायचे.

हे म्हणजे माझा नवरा. गाड्या पळवायच्या मैदानावर यांना सगळे कानसेन म्हणत. इंजिन सुरू करायचं, डोळे मिटायचे, कार्बुरेटरच्या सुईवर पेचकस ठेवायचा आणि ऐकत ऐकत फिरवायचा, ही यांची पद्धत. सुई आत घेतली की इंधन कमी होतं, आवाज बारीक होतो, गाडी सुसाट पळते, पण इंजिन तापतं आणि प्लग जळतो. सुई बाहेर काढली की इंधन वाढतं, आवाज जाड होतो, धूर भरपूर आणि अंगात जोर नाही. या दोन्हींच्या मधली जागा इतर लोक तापमान मोजून शोधतात. यांना ती ऐकू यायची. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, इतकं बारीक ऐकणारा माणूस बायकोचंही ऐकेल. असो.

माल खराब आलाय म्हटल्यावर मी दुसरीकडून प्लग मागवले. तेही जळले. मग यांनी इंधनावर बोट ठेवलं. या इंधनात जो अल्कोहोलचा भाग असतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो, झाकण सैल राहिलं की अख्खा कॅन वाया जातो, आणि कॅन भरून ठेवण्याचं काम माझं. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. "एक झाकण नीट लावता येत नाही तुला," हे गिऱ्हाइकासमोर म्हणाले. मी ताडकन आत गेले, सीलबंद नवा कॅन आणून यांच्यासमोर दाणकन ठेवला आणि सील यांनाच फोडायला लावलं. त्यावर चाललेल्या इंजिनाचा प्लग दुसऱ्या दिवशी जळाला.

मग इंधनाची नळी. तिच्यात बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा शिरते म्हणायचं. मी नाकाला नळी लागेपर्यंत वाकून बघितलं. एक बुडबुडा नाही. मग प्लग तापवायची बॅटरी, मग टाकीचं झाकण, मग कार्बुरेटरखालची रबराची चकती. एकेक वस्तू बदलत गेलो आणि एकेक वस्तू निर्दोष सुटली. दोष सापडला नाही की हे चिडायचे. कारण शोधता शोधता आम्ही कामाच्या बाकावरच्या सगळ्या वस्तू संपवल्या होत्या, आणि आता बाकापाशी बसलेला माणूसच तपासायचा राहिला होता. रोज सकाळी शटर उघडताना मी मनात म्हणायचे, आज दोष इंधनातच निघू दे. माझ्या हातून झाकण खरंच सैल राहिलेलं असू दे.

मैदानावरचे लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण येणं कमी झालं होतं. उरले ते ट्रकवाले भाऊजी. आठवडाभर भला मोठा ट्रक चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी हातभर लांबीची गाडी पळवायची, असा हा माणूस. देहाने दरवाजाएवढा, स्वभावाने गरीब. "वहिनी, माझाच हात जड आहे हो, माझ्याकडूनच प्लग जळतो," असं मलाच समजावायचा.

त्यांची गाडी यांनी एकदा दुपारी बाकावर घेतली. इंजिन सुरू केलं, डोळे मिटले, सुई फिरवली. "अजून जाड बोलतंय," असं म्हणून आणखी थोडी आत घेतली. मी शेजारीच होते. त्या इंजिनाची किंकाळी माझ्या दाढांत शिरत होती. मागे धुराची रेघसुद्धा दिसत नव्हती. "आत्ता कसं," हे म्हणाले, इंजिन बंद केलं आणि कापड घ्यायला पाठमोरे झाले.

इंजिन फार तापलंय का हे बघायची एक साधी रीत आहे. वरच्या पत्र्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब सावकाश उकळून आटला तर ठीक. टाकल्याबरोबर उडाला तर इंजिनाची धडगत नाही. मी बोट बुडवून थेंब टाकला. चर्र झालं आणि थेंब उडाला. मी दचकून यांच्याकडे पाहिलं, आता खेकसतील म्हणून. यांच्या इंजिनाला कुणी पाणी लावलेलं यांना खपत नाही. हे हातभर अंतरावर पाठ करून उभे होते. मी दुसरा थेंब टाकला, तिसरा टाकला. चर्र, चर्र. हे कापड झटकत राहिले.

माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग दारावरची घंटा, मग नातवंडांचं बोलणं. बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. म्हणजे यांच्या कानांना इंजिनाच्या आवाजातला बारीक भाग येतच नव्हता. उरलेला जाड तेवढा येत होता. म्हणून प्रत्येक इंजिन यांना जाड बोलतंय असं वाटायचं, आणि हे सुई आत घ्यायचे, आणखी आत घ्यायचे, पार प्लग जळेपर्यंत. उभ्या जन्मात यांनी कानावर काही लावलं नव्हतं. कान झाकून इंजिन ऐकायचं म्हणजे डोळे बांधून वाचायचं, असं म्हणायचे. त्या इंजिनांनीच यांचे कान खाल्ले होते.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा ते सांगता येणार नाही. तुम्हाला इंजिनं सोडून काही येत नाही, असं मी भांडताना शंभरदा म्हटलं असेल. ते खरं आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सांगायला हवं होतं, हे कुणीही म्हणेल. सांगून बघा. कानाचा डॉक्टर, तपासणी, कानात घालायचं यंत्र, हे सगळं मलाही सुचलं होतं. पण वडिलांचं यंत्र मी पाहिलं होतं. त्यातून त्यांना माणसं ऐकू यायची, पण ती सगळी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी. तसल्या डब्यातून इंजिन काय ऐकणार हा माणूस? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. झाकायला मी आहे.

हे कापड घेऊन आत गेले तेव्हा मी पेचकस उचलला आणि ट्रकवाल्या भाऊजींच्या गाडीची सुई पाव फेरा बाहेर काढली.

त्या आठवड्यात भाऊजी नाचत आले. प्लग शाबूत, शर्यतीत गाडी पहिली. "उस्ताद, तुमच्यासारखा कान नाही!" यांनी मान हलवली, जणू त्यात नवं काय. पण संध्याकाळी पेचकस पुसताना हे गुणगुणत होते. "बघ, शेवटी प्लगच खराब होते," मला म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही म्हणालाच होता."

गेलेले लोक परतले. बाकावर गाड्यांची रांग लागली. हे डोळे मिटून सुया फिरवायचे, आणि मी चहाच्या, टपालाच्या, कशाच्याही निमित्ताने यांना आत धाडून मागून पाव फेरा बाहेर काढायचे. मला यांच्यासारखं ऐकू येत नाही. मला फक्त पाण्याचा थेंब कळतो आणि धुराची रेघ. तेवढ्यावर निभत होतं. यांच्या चालण्यात पुन्हा ऐट आली. मैदानावर नव्या पोरांना हे शिकवू लागले, कान कसा लावायचा ते. मी लांबून बघायचे आणि मला वाटायचं, एवढं तरी राहू दे.

राहत नसतं. थंडी संपता संपता पाव फेरा पुरेना. थेंब पुन्हा उडू लागले. इंजिनात बदल नव्हता, पाणी तेच होतं. यांची सुई आणखी आत जात होती. मी अर्धा फेरा काढू लागले. यांच्या कानांतून काय निघून चाललंय ते मी पेचकसावर मोजत होते, आणि मोजणारी मी एकटीच होते. जेवताना मी अर्ध्या पानावरून उठायचे. हे म्हणायचे, "तब्येत बरी नाही का?" मी म्हणायचे, "बरी आहे."

मग एकदा मी यांना कोपऱ्यावर सुटे स्क्रू आणायला पाठवलं आणि चालू इंजिनावर वाकले. अर्धा फेरा काढला. धूर येऊ लागला तशी मान वर केली, तर हे दारात. पैशाचं पाकीट विसरलं होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे.

यांनी येऊन इंजिन बंद केलं.

"किती?"

"अर्धा."

"आत का बाहेर?"

"बाहेर."

"सगळ्यांचा?"

मी मान हलवली. "भाऊजींच्या त्या गाडीपासून," म्हटलं.

हे ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. माझी तयारी होती. इतक्या महिन्यांचं सगळं तोंडाशी आलं होतं. पण हे स्टुलावर बसले. माझ्या हातून पेचकस घेऊन सुई पुन्हा अर्धा फेरा आत घेतली, जिथे यांनी लावली होती तिथे. इंजिन सुरू केलं, चांगलं तापू दिलं, बंद केलं. मग स्वतःचं बोट पाण्यात बुडवून थेंब टाकला. थेंब उडाला. यांनी कान जवळ नेला आणि आणखी एक टाकला.

"आवाज होतो याचा?"

"होतो."

"चर्र असा. मला आठवतो," हे म्हणाले.

मी खांद्यावर हात ठेवला. यांनी तो झटकला नाही, धरलाही नाही. "कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या आपण," मी म्हटलं. "लोकांना काही सांगायची गरज नाही. बाहेर काढायचं काम मी करते आहेच की. चाललंय ना आपलं?"

यांनी पेचकस बाकावर ठेवला आणि हे माझ्याकडे वळले.

"आणि तू?"

"मी काय?"

"माझ्याशी बोलतेस ते तुझ्या नेहमीच्या आवाजात बोलतेस, का तोही वाढवून ठेवलायस?"

"काहीतरीच तुमचं," मी म्हटलं. पण म्हणता म्हणता मला माझा आवाज ऐकू आला, दुकानाच्या भिंतीवर आपटून परत आलेला. हल्ली संध्याकाळी माझा घसा बसायचा. मी तो दोष धुराला देत होते. मुलगी फोनवर मध्येच विचारायची, "आई, ओरडतेस का गं?" सासरी जाऊन नाजूक झाली, असं मला वाटायचं.

इंजिन बंद होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी घसा मोकळा केला आणि मला माझा म्हणून जो आवाज आठवत होता, त्या आवाजात म्हटलं, "नाही हो, हाच माझा आवाज."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बोल ना," हे म्हणाले.