फळीने काढलेलं उट्टं

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि तोंडाची जरा तिखट आहे. पोर्तुगालच्या डोंगरात आमचं गाव. आबिलियु सुताराने चेस्टनटचं एक अख्खं खोड चिरून मला घडवलं. गावच्या ओढ्यात दोन दगडी खांब आहेत, त्यांना समोरासमोर खाचा आहेत. जूनमध्ये संत जॉनच्या सणाला गावकरी मला त्या खाचांत बसवत. मग पाणी माझ्यामागे अडायचं, वाळूवर पसरायचं आणि पोरांच्या गुडघ्याएवढं डबकं तयार व्हायचं.

पोरं दिवसभर छपछप करायची. आया काठावर पाय बुडवून खरबूज कापायच्या. एतेल्विना म्हातारी राखण करायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला बजावायची, "चपला काठावर." थंडीत मी देवळाच्या माळ्यावर सुकत पडे. माझं बरं चाललं होतं.

दृष्ट लागली. बाल्ताझार स्वित्झर्लंडात पैसा कमावून परतला आणि त्याने ओढ्याकाठी खानावळ काढली. "फळी कुजलीय, एखाद्याचं पोर बुडेल," असं त्याने गावभर केलं. कुजली असेल त्याची अक्कल. मला देवळातून आणून त्याने खाली चार पाय ठोकले आणि माझं टेबल केलं. त्या उन्हाळ्यात डबकं भरलंच नाही, आणि कोरड्या वाळूवर त्याच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. गावाला डाव कळला, पण उशिरा. माझ्या पाठीवर सार्डिन माशांचा तापलेला तवा ठेवत. तेही मी सोसलं.

मग ऑगस्टात एतेल्विनाची नात लुझिया फ्रान्सहून सुट्टीला आली. वर्षभर ती या डबक्याची वाट पाहत होती. कमरेला फुगवलेली ट्यूब घालून ती वाळूत उभी राहिली.

"आजी, पाणी कुठं गेलं?"

"बाजूला हो गं, गिऱ्हाइकांना बसायचंय," बाल्ताझार म्हणाला. "डुंबायचंय तर शहरात जा. तिकीट काढ."

पोर ट्यूब न काढता तशीच घरी गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांचं पाणी परत आणायचं आणि या माणसाची खोड मोडायची, एवढंच मी मनात धरलं.

एतेल्विना त्याच्याकडे भांडी घासायला लागली. गावाने तिला नावं ठेवली. पण रोज सकाळी ती माझ्या पोटावर खालून पाणी मारायची आणि पाठ उन्हात तापू द्यायची. "वाक गं बाई," हळूच म्हणायची. एका अंगाला ओल आणि दुसऱ्या अंगाला ऊन लागलं की लाकूड वाकतंच. मी तर जीव लावून वाकले.

सरपंच जेवायला आले, त्या दिवशी वाकलेली मी डुगडुगले आणि गरम सार वाडग्यासकट त्यांच्या मांडीवर गेलं.

"ही अवदसा ओढ्यात फेकून दे, मावशी," बाल्ताझार ओरडला.

"सरपंचांदेखत सांगताय, मालक. मागाहून फिरू नका."

"फेक म्हणतो ना."

शेजारणींनी माझे ते चार पाय उपटले आणि मला ओढ्यात टाकलं. आठवडाभर मी भिजले, फुगले, सरळ झाले. रविवारी त्याची सगळी टेबलं भरलेली असताना गावकऱ्यांनी मला खाचांत बसवलं. पाणी सावकाश आपल्या जुन्या जागी आलं. आधी गिऱ्हाइकांचे बूट भिजले, मग खुर्च्या हलायला लागल्या. बाल्ताझार धावत येऊन मला उपटायला लागला. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून फुगले. भिजलेली फळी खाचेत बसली की पाणी आटेपर्यंत निघत नाही, हे त्याच्या बापालाही ठाऊक होतं.

सरपंचांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. "गावाची फळी, गावाचं पाणी. मी इथंच बसतो. ताट आण."

लुझिया ट्यूब घालून टेबलांमधून छपछप करत आली आणि बाल्ताझारसमोर थांबली.

"काका, चपला काठावर."

त्याने निमूट बूट काढले. खोटं कशाला बोलू, एवढं गोड मला जन्मात काही लागलं नव्हतं.

मित्रांनो, मला तेल लावा, सावलीत सुकवा आणि पोरांच्या पाण्यावर डोळा ठेवू नका. परवा मला माळ्यावर चढवायला बाल्ताझारही आला होता. "झालं गेलं सगळे विसरले," असं म्हणत त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी विसरले नव्हते. चांगलं लांब कुसळ निवडून मी त्याच्या तळहातात घातलं.