चार फुटांचा कट्टा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गोल चामडी डबीत गुंडाळलेली, मापं घेणारी. आकडे पुसट झालेत, पण एका इंचाचीही चूक मी आजवर केलेली नाही. चुकतात ती माणसं!

माझे मालक मार्तंडराव, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. १९७१ साली ते चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी डेन्मार्कला गेले आणि त्यांच्या कोटाच्या खिशातून मीही विमानात बसले. कोपनहेगनच्या काचेच्या इमारती पाहून माझी छातीच दडपली. मार्तंडराव मात्र बुटक्या पायऱ्या, बाकं, बसथांबे मोजत सुटले. सगळं वहीत उतरलं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

परतल्यावर तिसगावचा बसथांबा बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. बाक सतरा इंच उंच, अगदी तिथल्यासारखं. शेजारच्या पाथर्डीला बाजार असतो त्या दिवशी ते ऐटीत बघायला गेले, तर बाक रिकामं! बाया डोक्यावर पाट्या घेऊन उभ्याच.

"बसा की, मावशी," मार्तंडराव म्हणाले.

वांग्यांची पाटी सावरत दगडाबाई म्हणाल्या, "सायेब, पाटी खाली ठिवली की उचलाया दुसऱ्याचा हात लागतोय. एकमेकींना लावतो आमी, पन शेवटचीनं कुनाला हाक मारायची? मागल्या बाजारी मीच मागं ऱ्हायले. गाडी गेली, वांगी सुकली."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. मलाही लाज वाटली. कोपनहेगनला शिकवणारे गुरुजी नकाशा काढण्याआधी दिवसभर चौकात उभे राहून माणसं न्याहाळत. आम्ही त्यांची बाकं मोजून आणली आणि ती नजर तिथेच विसरून आलो!

मार्तंडरावांनी माझं टोक दगडाबाईंच्या हाती दिलं. "खांद्याशी धरा."

"आता काय चोळी शिवताय व्हय?" बाया खो खो हसल्या. जमिनीपासून माप आलं चार फूट.

पंधरवड्यात बाकाशेजारी तेवढ्याच उंचीचा दगडी कट्टा उभा राहिला. दगडाबाईंनी डोक्यावरची पाटी त्यावर सरकवली आणि बाकावर बसून पाठ टेकली. गाडी येताच कट्ट्याला खेटून पाटी अलगद डोक्यावर ओढली आणि कुणालाही हाक न मारता त्या सगळ्यांच्या आधी गाडीत चढल्या.

मित्रांनो, देशोदेशी जा, नवी शहरं डोळे भरून पाहा. मापंही खुशाल आणा. पण बांधण्याआधी तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, मगच मला उलगडा. काम झाल्यावर तेवढं पुसून ठेवा. पन्नास फूट लांब आहे मी, सगळ्यांना पुरेन.