मुंगीचे रविवार

“अभ्यासाचं नाव पुढे करू नका,” बायको म्हणाली. “मुंगीच्या अभ्यासाची काळजी तुम्हाला कधीपासून वाटायला लागली? कितवीत आहे ती, सांगा बघू.”

“सहावीत.”

“सातवीत.”

नळाशी उकिडवा बसून लिफ्टवाला हातांचं ग्रीस काढत होता. ते पुरतं कधी निघतच नसे. नखांच्या कडांना काळी रेघ उरायचीच, आणि लग्नकार्याला गेला की तो हात पाठीमागे धरून उभा राहायचा.

“बरं, अभ्यास सोड. गुडघे जातील तिचे, उड्या मारून मारून.”

“गुडघे तुमचे गेलेत, जिने चढून. तिचे चांगले ठणठणीत आहेत.”

मुंगी जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून ते नाव पडलं. आता आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची, तरी नाव काही सुटलं नाही. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळताना कोचबाईंच्या नजरेत ती भरली. बाई निवडक मुलींचा एक संघ चालवत. दर रविवारी बस भरून परगावी जायचं, तिथल्या संघांशी सामने खेळायचे, रात्री परत. पोर घ्यायची तर सगळे रविवार द्यायचे, अशी बाईंची अट होती. अर्धामुर्धा कारभार त्यांना चालत नसे.

नेमकं तिथंच लिफ्टवाल्याचं घोडं पेंड खात होतं. बायको परिचारिका, रविवारी तिची दवाखान्यात पाळी. इतर दिवशी तो पोर उठायच्या आत कामावर जायचा आणि परतायचा तेव्हा ती पेंगुळलेली असायची. त्या काळी लिफ्टला लोखंडी जाळीची सरकती दारं असत. ती नीट लागली नाहीत की लिफ्ट जागची हलायची नाही, आणि हा पठ्ठ्या दुरुस्तीसाठी दिवसभर गावभर धावत असायचा. रविवार मात्र बापलेकीचा. दोघं मिळून कपडे धुवायचे, भाजी करपवायचे, आणि मुंगी आठवडाभराचं साठवलेलं सगळं बोलून टाकायची. कोण कुणाशी भांडलं, कुणी कुणाचा डबा पळवला. तो फक्त “हं, मग?” म्हणायचा. हे रविवार जातील म्हणून नको, असं बाप्याने तोंडाने कसं म्हणायचं? म्हणून मग अभ्यास आणि गुडघे.

बायकोला ते कळत नव्हतं असं नाही. तिने भांडी पुसता पुसता सरळ तोडगा काढला.

“लिफ्ट दुरुस्त केली की पहिली फेरी तुम्ही एकटे मारता ना? कुणाला आत घेत नाही. मग ही पण मारून या. एक रविवार जा तिच्याबरोबर. काय ते बघा आणि सांगा.”

हे त्याला पटलं. त्याच्या उस्तादाने घालून दिलेला नियमच होता तो. आपण जोडलेल्या दोरावर आधी आपला जीव टांगायचा, मग दुसऱ्याचा. त्या नियमाशी त्याने कधी बेइमानी केली नव्हती.

बाईंनीही मुंगीला एक रविवार घेऊन बघायला हरकत घेतली नाही. रविवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून बसमध्ये चढला. मुंगी त्याच्या शेजारी बसली खरी, पण मागून हाका सुरू झाल्या.

“मुंगे, इकडे ये गं! जागा ठेवलीय!”

“बाबा, जाऊ?”

“जा की.”

ती गेली. तो मग ड्रायव्हरशी इंजिनाच्या आवाजावर बोलत बसला.

सामना एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात होता. प्रेक्षकांची गॅलरी वर. लिफ्टवाला पहिल्या रांगेत कठड्याला टेकून बसला आणि बघत राहिला. बघण्यासारखं काही नव्हतं. मुंगी बाकावर बसली होती. दुसऱ्या पोरी धावत होत्या, ही टाळ्या वाजवत होती, पाण्याच्या बाटल्या देत होती, घामाचे टॉवेल झेलत होती. एवढा प्रवास करून हे? त्याचं मन हळूहळू हलकं होऊ लागलं. घरी जाऊन काय सांगायचं ते आता तयार होतं.

तेवढ्यात जिन्याकडून ठोकल्याचा आवाज आला. दुसऱ्या कुणाला तो भांड्यांचा वाटला असता. त्याला कळलं, लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये माणूस अडकलंय. पाय आपोआप उठले.

जाळीतून बघितलं तर आत एक आजीबाई, हातात छत्री, आणि छत्रीने जाळी बडवणं चालू.

“आजी, ठोकू नका. काढतो मी.”

“तू कोण?”

“लिफ्टवाला.”

“मग इतका वेळ कुठे होतास? माझी नात खेळतीय तिकडे! इथल्या टीममध्ये आहे.”

“माझी मुलगी पण आहे तिथं. समोरच्या टीममध्ये.”

आजीबाईंनी छत्री खाली घेतली. “मग तू इथे काय करतोयस?”

“तुम्ही अडकलात ना,” तो म्हणाला.

वॉचमनला घेऊन तो गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत चढला, मेन स्विच बंद केला, वॉचमनला ब्रेक सोडवून धरायला लावला आणि हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. आजीबाई बाहेर पडल्या, “सुखी राहा” म्हणाल्या आणि छत्री सावरत गॅलरीकडे धावल्याच. बिघाड साधाच होता. दाराची कडी झिजून सैल झाली होती. त्याने ती वाकवून बसवली.

“झालं ना? करू चालू?” वॉचमनने विचारलं.

लिफ्टवाल्याने गॅलरीकडे बघितलं. मग लिफ्टकडे. दुसरा कुणी असता तर “कर” म्हणून निघून गेला असता. हा वॉचमनला मेन चालू करायला पाठवून आत शिरला, दार ओढलं आणि वरचं बटण दाबलं. लिफ्ट कुरकुरत चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या आसपास असताना खालून एकदम आरडाओरडा उठला, शिट्ट्या, पाय आपटणं, आणि त्यात पोरींचा चिरका आवाज, “मुंगी! मुंगी! मुंगी!”

लिफ्ट वर चालली होती. मध्ये थांबवता येत होती, पण पहिली फेरी अर्ध्यात सोडायची नसते. तो जाळीला धरून उभा राहिला.

तो गॅलरीत पोहोचला तेव्हा पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. तो खाली गेला. मुंगीने त्याला बघितलं, मग त्याच्या हातांकडे.

“कोण अडकलं होतं?”

“एक आजी.”

“निघाल्या?”

“निघाल्या.”

“बरं झालं.” तिने गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. “पूस. शर्टाला लावशील.” आणि कुणी तरी हाक मारली तशी ती पळालीसुद्धा.

रागावली असती, फुरंगटून बसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, वाढदिवस. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे कुणीतरी अडकलेलं असायचं, आणि पोरीने बापाची वाट बघणं केव्हा सोडून दिलं ते त्याला कळलंही नव्हतं.

परतीच्या प्रवासात मागच्या बाकांवर गाणी चालू होती. त्याने वळून बघितलं. एक थोराड मुलगी मुंगीचा पाय मांडीवर घेऊन घोट्याला मलम चोळत होती आणि मुंगी तिला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, डोळे मोठे करून. अगदी तशीच, रविवारची. ती मुलगी मान हलवून म्हणत होती, “हं, मग?”

कोचबाई येऊन त्याच्या शेजारी बसल्या. “काय ठरवलंत? तुम्ही बघायला आला होतात ना?”

“बघितलं कुठे,” तो म्हणाला. “मी लिफ्टमध्ये होतो.”

“मग?”

त्याने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “घ्या तिला. पण तिच्या आईला तुम्हीच सांगा, नाहीतर म्हणेल, मी सांगत नव्हते!”

बाई हसल्या. “आणि रविवारचं काय? मुंगी म्हणत होती, बाबा एकटा पडेल.”

लिफ्टवाल्याने पुन्हा एकदा मागच्या बाकांकडे वळून बघितलं. “तिला म्हणावं,” तो म्हणाला, “माझी पुष्कळ कामं तुंबलीत.”

बस गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दिवे लागून गेले होते. दोघं उतरली. तिची पिशवी त्याने खांद्याला लावली.

“बाबा, तू माझी बास्केट नाही ना बघितलीस?”

“नाही.”

“सांगू?”

“सांग.”

मग तिने सांगायला सुरुवात केली. चेंडू कुणाकडून आला, कशी गिरकी घेतली, समोरची उंच पोर कशी फसली. हात फेकत, लांब लांब टांगा टाकत ती चालली होती. तिच्या बरोबरीने राहायला त्याला आता थोडं भरभर चालावं लागत होतं.